डोक्यावरचा उतार

गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला निघालेली सोलापूरची पोरं मला विचारतात ते सगळं दमाचं. जिने किती चढू, पाठीवर किती वजन घेऊ, मे महिन्याच्या उन्हात पळू का. दम येतो हो. सपाट गावातली माणसंही हिमालयात गेल्यावर हळूहळू चालायला लागतात, ती काळजी सोडा. हिमस्खलनाच्या बाबतीत घात करते ती आपली सह्याद्रीतली सवय.

सह्याद्रीत आपण धोका पायाखाली शोधतो: घसारा, निसटती पायरी, कड्याची धार. सपाटी आली की जीव भांड्यात पडतो, सॅक उतरते, चहाचं आधण चढतं. बर्फात माझं डोकं इथंच अडकलं होतं. स्लॅब, म्हणजे बर्फाचा घट्ट थर, सुटतो तो बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावरून, हे पाठ होतं. म्हणून पायाखाली 15 अंश निघाले की मी खूश. पण वरून सुटलेला बर्फ थांबतो कुठं? आपण तंबू ठोकायला जी छान सपाट जागा निवडतो ना, तिथं.

हे नीट समजून घ्या. वाऱ्यानं दाबलेला वरचा थर घट्ट असतो, त्याच्याखाली सुट्या दाण्यांचा कमजोर थर. शहाबादी फरशीखाली ज्वारी पसरा आणि फरशी तिरकी करा, म्हणजे कळेल. त्यात गोम अशी की तो कमजोर थर तुम्ही उभे असलेल्या सपाटीखालीही असू शकतो. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज झाला तर थर बसला. ते बसणं पुढं पसरत जातं आणि वरचा उतार सुटतो. म्हणजे उतारावर पाय न ठेवताही तो आपणच सोडू शकतो. असा आवाज आला, बर्फात भेगा पळताना दिसल्या की चर्चा नको, मागं फिरा.

28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळच्या माणा इथं रस्तेबांधणी कामगारांच्या छावणीवरच बर्फ आला, 8 जण गेले. 4 एप्रिल 2023 ला सिक्कीममधल्या नथु लाच्या रस्त्यावर 7 पर्यटक गेले. यातलं कुणी शिखर चढत नव्हतं.

म्हणून थांबायच्या जागी आधी मान वर करा. क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायची सोय) असलेलं होकायंत्र किंवा मोबाइलमधलं कोन मोजायचं अॅप वरच्या उताराच्या माथ्याकडं धरा. कोन 20 अंशांच्या वर निघाला तर ती जागा बर्फाच्या पोचेत धरून चाला. देवदारांच्या रानात मधेच झाडं नसलेला सरळ पट्टा दिसतो, कडेच्या झाडांना डोंगराकडच्या फांद्या नसतात. तो बर्फाचा जुना रस्ता. फोटो तिथंच सुंदर येतात, हे दुर्दैव.

आता माझं एक मत, पटो न पटो. एकदा केदारकंठाचा ट्रेक करून ‘लीडर’ झालेल्यांच्या मागं जाऊ नका. तिथल्या गावातला मेंढपाळ एका वाक्यात जास्त सांगतो. आणि खरोखर जाणत्या गुरूलाही ‘वरचा उतार बघितला का?’ असं विचारायला लाजू नका. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर बर्फ कोसळला. 29 जण गेले. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट चढून आलेल्या सविता कंसवाल त्यात होत्या. बर्फ कुणाचा अनुभव बघत नाही.

बीकन (गाडलेल्याला शोधायला सिग्नल देणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं हे तिन्ही प्रत्येकाकडं हवं. एकट्याकडं बीकन असून उपयोग शून्य. पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात, अर्ध्या तासानंतर फार थोडे. हेलिकॉप्टरची वाट बघण्याएवढा वेळच नसतो, शोधायचं सोबतच्यांनीच. याचा सराव मात्र सोलापुरात मस्त होतो: पहाटे होम मैदानावर कुणालातरी बीकन पिशवीत घालून लपवायला सांगा आणि घड्याळ लावून शोधा. शोधताना मोबाइल बीकनपासून निदान अर्धा मीटर लांब, नाहीतर काटा भलतीकडंच पळतो.

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, जिल्हा आणि उंचीनुसार. ते रोज बघा. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरीला माणसं ‘मधलीच तर आहे’ म्हणतात आणि निघतात. बाहेर देशांत सर्वांत जास्त मृत्यू याच पायरीला नोंदले गेलेत.

आणि तारखा. कर्नाटक एक्स्प्रेसचं तिकीट आपण 60 दिवस आधी काढतो, मग जोराचा बर्फ पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं की ‘चला, तिकीट आहे’. तोच दिवस सर्वांत वाईट. निदान 24 ते 48 तास थांबावं लागतं, वारा असेल तर जास्तच. परतीचं तिकीट तीन दिवस पुढचं काढा. लवकर मोकळे झालात तर उत्तरकाशीत जिलेबी खात बसा.