वर्तनाचा अंदाज आकड्यांवरून बांधताय? या चुका टाळा

मॉडेल, म्हणजे आकड्यांवरून वर्तनाचा अंदाज बांधणारं सूत्र, ९८ टक्के अचूक आहे असं अहवालात ठळक अक्षरांत छापलं जातं, आणि वापरायला घेतलं की ते कुणाच्याच कामी येत नाही. उपयोजित मानसशास्त्रात हे वरचेवर घडतं. मग सूत्र बदललं जातं, नवं सॉफ्टवेअर येतं. पण गडबड बहुतेकदा सूत्रात नसतेच. ती कशाचा अंदाज बांधायचा हे ठरवताना झालेली असते, नाहीतर आलेल्या आकड्यावरून माणसाबद्दल निर्णय घेताना.

अचूकता पाहिली, बेस रेट पाहिलाच नाही

सगळ्यांत महागात पडते ती ही चूक, म्हणून आकडेमोड करूनच पाहू. समजा, १,००० जणांपैकी २० जण येत्या वर्षभरात स्वतःला इजा करून घेणार आहेत. म्हणजे बेस रेट, एकूण लोकांत ती गोष्ट मुळात किती जणांबाबत घडते ते प्रमाण, २ टक्के. आपली चाचणी खरोखर धोका असलेल्या १०० पैकी ८० जणांना ओळखते आणि धोका नसलेल्या १०० पैकी १० जणांवर चुकून ‘धोका’ असा शिक्का मारते. ऐकायला चाचणी उत्तम वाटते.

आता टक्के सोडा आणि माणसं मोजा. २० पैकी १६ जण सापडले, ४ निसटले. उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांवर उगाच शिक्का बसला. एकूण ११४ जण ‘धोक्यात’, त्यांतले खरे १६. म्हणजे शिक्का बसलेल्या दर सात जणांपैकी जेमतेम एकाबद्दल आपला अंदाज खरा. आणि ‘कुणालाच धोका नाही’ असं सरसकट सांगणारं मॉडेल? ते ९८ टक्के अचूक! ज्याला आपण शोधत होतो असा एकही माणूस त्याला सापडलेला नसतो.

मानसशास्त्रज्ञ पॉल मील आणि अल्बर्ट रोझेन यांनी हे गणित १९५५ मध्येच मांडलं होतं. तरी आजही नुसत्या अचूकतेवर अहवाल निघतात. जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये आत्महत्येचे विचार आणि वर्तन यांच्या अंदाजावरचं ५० वर्षांचं संशोधन, ३६५ अभ्यास, एकत्र तपासलं. अंदाज योगायोगापेक्षा थोडेसेच बरे निघाले. त्यामुळे एखाद्या प्रश्नावलीचा स्कोअर कमी आला म्हणून कुटुंबाला ‘काळजीचं कारण नाही’ असं सांगणं मला धोकादायक वाटतं. निसटलेले ते ४ जण याच कमी स्कोअरच्या गटात असतात.

उपाय असा: कुठलंही मॉडेल वापरण्याआधी वरच्यासारखा हिशेब १,००० माणसांवर लिहून काढा, आणि त्या ९८ जणांचं पुढे काय होणार ते विचारा. त्यांना फक्त एक आपुलकीचा फोन जाणार असेल, तर चुकीच्या शिक्क्याची किंमत फारशी नाही, कटऑफ (ज्या स्कोअरपासून ‘धोका’ धरायचा ती रेषा) खाली ठेवता येईल. पण त्यांची नोकरी किंवा मोकळीक जाणार असेल, तर तोच कटऑफ अन्यायाचा ठरतो. कटऑफ कुठे ठेवायचा याचं उत्तर सॉफ्टवेअर देत नाही. ते तुम्हालाच द्यावं लागतं.

ज्या डेटावर बांधलं, त्यावरच तपासलं

लक्षण: अंदाज आणि प्रत्यक्ष यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळतात ते सांगणारा आकडा: ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) पहिल्या गटात ०.६, पुढच्या गटात ०.२.

एडवर्ड क्युरेटन यांनी १९५० मध्ये याचा अफलातून नमुना दाखवला. वर्गात २९ विद्यार्थी. प्रत्येकाच्या नावाने ८५ क्रमांकित चिठ्ठ्या हलवून टेबलावर टाकल्या. आकडा वर आला तर त्या प्रश्नाचं उत्तर ‘बरोबर’ धरलं. मग विद्यार्थ्यांच्या ग्रेडशी जुळणारे ‘प्रश्न’ निवडून चाचणी बनवली आणि त्याच २९ जणांवर तपासली. सहसंबंध आला ०.८२. शुद्ध योगायोगातून!

डेटाचा काही भाग तपासणीसाठी बाजूला ठेवावा किंवा क्रॉस-व्हॅलिडेशन करावं (डेटाचे भाग पाडून दर फेरीत वेगळा भाग तपासणीला ठेवावा), हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. फसगत होते ती बारकाव्यात. पूर्ण डेटा पाहून घटक आधीच निवडले आणि मग क्रॉस-व्हॅलिडेशन केलं, तर तुम्ही क्युरेटनच्या चिठ्ठ्याच पुन्हा निवडताय. निवडसुद्धा प्रत्येक फेरीत नव्याने व्हायला हवी. तसंच एकाच व्यक्तीच्या अनेक नोंदी असतील, तर काही ट्रेनिंगमध्ये (मॉडेल बांधायच्या भागात) आणि काही टेस्टमध्ये (तपासायच्या भागात) असं होऊ देऊ नका, नाहीतर मॉडेल वर्तन शिकत नाही, त्या माणसाला ओळखायला शिकतं.

नमुना लहान असेल तर वजनं, म्हणजे कोणत्या घटकाला किती महत्त्व द्यायचं ते आकडे, काढण्याच्या फंदात न पडणं बरं. मोजके, विचारपूर्वक निवडलेले घटक एकाच मापावर आणून सारख्या वजनाने मिळवले तरी अंदाज चांगला टिकतो, हे रॉबिन डॉज यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं.

मोजलं एक, अंदाज भलत्याचाच

समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकेत फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांबद्दल उघड पूर्वग्रह होता. २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणी पत्राने विचारलं, ‘चिनी पाहुण्यांना घ्याल का?’ उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी नाही म्हटलं.

‘आरोग्याची काळजी घेता का?’ या उत्तरावरून कुणी येत्या तीन महिन्यांत रोज गोळी घेईल का, हे कळणं कठीणच. कोणती कृती, कशाच्या बाबतीत, कुठे, कधी, हे चारही मुद्दे प्रश्नात आणि वर्तनात जुळले पाहिजेत. मानसशास्त्रज्ञ फिशबाइन आणि आयझेन यांचा हा आग्रह मला आजही सगळ्यांत उपयोगी वाटतो. आणि ज्याला तुम्ही ‘वर्तन’ म्हणताय ती नक्की कसली नोंद आहे, तेही तपासा. अटकेची नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. पोलीस जिथे जास्त फिरतात तिथे अटका जास्त होतात, आणि मॉडेल तेवढंच शिकतं.

निवडलेल्यांवरच चाचणीची परीक्षा

भरतीची चाचणी कामगिरीशी जुळत नाही म्हणून रद्द करण्याआधी एक पाहा: कामगिरीचा डेटा फक्त निवडलेल्यांचा आहे ना? सगळेच वरच्या गुणांचे असले की सहसंबंध आक्रसतो. पण उलट टोकाला जाऊन, आक्रसलेला सहसंबंध गणिताने वाढवून घेण्याची हवी तेवढी दुरुस्तीही करू नका. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये बौद्धिक क्षमतेची चाचणी आणि कामगिरी यांच्या सहसंबंधासाठी दिलेला ०.५१ हा आकडा वर्षानुवर्षं वापरला गेला. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दुरुस्तीची पद्धतच तपासली, तेव्हा तो ०.३१ वर आला.

गटाचा नियम एका माणसाला लावला

भरभर टाइप करणारे लोक सहसा कमी चुका करतात, कारण त्यांचा हात बसलेला असतो. पण तुम्ही तुमच्या नेहमीच्या वेगापेक्षा भरभर टाइप केलंत, तर चुका वाढतील. दोन्ही खरं आहे. पहिलं माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे, दुसरं एकाच माणसातल्या बदलाबद्दल. समुपदेशनात सल्ला द्यायचा असतो दुसऱ्या प्रकारचा, आणि पुरावा मात्र पहिल्या प्रकारचा दिला जातो. दुसऱ्या प्रकारच्या पुराव्यासाठी त्याच व्यक्तीच्या वेळोवेळी घेतलेल्या नोंदी लागतात.

सूत्र बाजूला सारलं, पण नोंद ठेवली नाही

अनुभवी लोकांना सूत्रापेक्षा आपला अंदाज भरवशाचा वाटतो. विल्यम ग्रोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये १३६ अभ्यास तपासले, तेव्हा सूत्र सरासरी सुमारे १० टक्क्यांनी सरस ठरलं. तज्ज्ञ स्पष्टपणे जिंकले असे अभ्यास मोजकेच. सूत्राचे खंदे समर्थक मील यांनी मात्र एक अपवाद मान्य केला होता: दर आठवड्याला सिनेमाला जाणाऱ्याचा पाय नुकताच मोडला असेल, तर सूत्र काहीही म्हणो, तो जाणार नाही.

अडचण अशी की प्रत्येकालाच आपली केस मोडलेल्या पायासारखी वाटते. म्हणून सूत्राविरुद्ध निर्णय घेताना कारण त्याच वेळी, निकाल कळण्याआधी लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्या सगळ्या केस काढा, आणि सूत्र किती वेळा बरोबर होतं व तुम्ही किती वेळा, ते मोजा.