कासवांचं काम करायचंय? आधी वाळू समजून घ्या

रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर कासवांचा अभ्यास करायचाय म्हणून मुलं विचारायला येतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर समुद्राकडे निघालेली पिल्लं असतात. मी त्यांना आधी वाळूचं बोलायला लावते. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री येते, साधारण दीड फूट खोल सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, शंभरेक अंडी घालून तो बुजवते आणि निघून जाते. त्या घरट्याकडे ती परत फिरकत नाही. पुढे दीड-दोन महिने अंडी उबवते ती वाळूच.

आपल्याकडे कुत्री, कोल्हे आणि भरतीचं पाणी यांच्यामुळे अंडी बहुधा हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत, हलवतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात 2002 पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने हे काम उभं केलं. हलवायचं ते पहिल्या काही तासांतच. त्यानंतर गर्भ कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडं फिरलं की तो मरतो. म्हणून वरची बाजू वरच ठेवायची. नवा खड्डाही मूळ घरट्याइतकाच खोल हवा. उथळ खड्ड्यातली अंडी दुपारच्या उन्हाला फार जवळ येतात.

तापमानावर मात्र मन लावून वेळ द्या. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. साधारण 29 ते 31 अंशांच्या दरम्यान पारडं फिरतं: वाळू थंड असेल तर नर जास्त, गरम असेल तर माद्या. 35 अंशांच्या वर बराच काळ गेला तर गर्भच दगावतात. पिल्लाकडे बाहेरून पाहून नर-मादी कळत नाही, त्यामुळे तसा दावा अहवालात कधीही करू नका. डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारं छोटं यंत्र, अंड्यांच्या मधोमध ठेवा आणि दुसरा शेजारच्या मोकळ्या वाळूत, तेवढ्याच खोलीवर. वाढणारे गर्भ स्वतःही उष्णता सोडतात, शेवटच्या टप्प्यात जास्तच. दुसरा लॉगर नसेल तर ऊब उन्हाची किती आणि अंड्यांची किती, हे सांगता येत नाही. पैसे कमी असतील तर घरटी कमी घ्या, पण हा दुसरा लॉगर सोडू नका, असं माझं ठाम मत आहे.

ओलाव्याचं गणित सोपं आहे. वाळू फार कोरडी झाली तर अंडी पिचकतात. पाणी साचलं तर वाळूच्या कणांमधली हवा जाते आणि गर्भ गुदमरतात.

अंड्यातून सुटलेली पिल्लं लगेच वर येत नाहीत. ती काही दिवस एकत्र वाळू ढकलत चढतात आणि वरची वाळू तापलेली असली की थांबतात. म्हणून ती बहुधा रात्री किंवा पहाटे बाहेर पडतात. घरट्यावरची वाळू खचलेली दिसली की ती येणार हे ओळखावं, पण उकरायची घाई करू नये. सोडतानाही पाण्यात नेऊन ठेवू नका, काही अंतर वाळूवरून त्यांचं त्यांना चालू द्या.

सगळी निघून गेल्यावर घरटं उघडायचं. वास असह्य असतो, पण मी सर्वांत जास्त शिकले ते इथेच. रिकामी कवचं मोजा, न उबलेली अंडी फोडून पाहा आणि वेगवेगळी लिहा: गर्भ दिसतच नाही, अगदी छोटा गर्भ, पूर्ण वाढलेलं पिल्लू. छोटे गर्भ बरेच मेलेले असतील तर अंडी हलवताना काय झालं ते तपासा. पूर्ण वाढलेली पिल्लं आतच मेली असतील तर शेवटच्या आठवड्यांतलं तापमान आणि भरतीच्या तारखा जुळवून बघा.

ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंड्यांना हात लावण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी लागते, ती हंगामाच्या बऱ्याच आधी मागा. आणि गावात पोहोचलात की प्रथम कासवमित्राची, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्याची, नोंदवही बघायला मागा. घरटं कधी सापडलं, अंडी किती वाजता हलवली, पिल्लं कधी आली, हे त्यात असतं. तुमचे लॉगरचे आकडे या नोंदींशी लावल्याशिवाय वाचता येणार नाहीत.