पहिली ते चौथीच्या मुलांचा डबा आणि खेळ: या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडली की भिंतीवर फळांचा नवा तक्ता लागतो, 'जंक फूड नको' अशी घोषणा मुलं सुरात म्हणतात, कुणी पाहुणे येऊन जीवनसत्त्वांची यादी सांगून जातात. दिवाळी येईपर्यंत डब्यात बिस्किटं परत आलेली असतात आणि खेळाच्या तासाला गणिताची उजळणी चालू असते. प्राथमिक शाळेत शिकवताना हे मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी मनाला लागतं. आठ वर्षांच्या मुलाला पालेभाजी चांगली हे पाठ असतं, त्यावर तो दहा ओळी निबंधही लिहितो. त्याला हवी असते ती रोजची एक साधी घडी: ठरलेल्या वेळी जेवण, शेजारी तेच जेवणारं मोठं माणूस आणि घाम येईल असा खेळ. ही घडी बसायला महिने लागतात. तेवढा धीर नसलेली माणसं सोपे मार्ग शोधतात आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

डब्यांची स्पर्धा भरवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. एका शाळेत 'पौष्टिक डबा स्पर्धा' होती आणि परीक्षकांमध्ये मलाही बोलावलं होतं. बाकांवर डबे मांडलेले. काकडीचे मासे, गाजराची फुलं, बिटाच्या रसात कणीक मळून केलेलं गुलाबी फुलपाखरू. पहाटेपासून राबलेल्या आया मागे भिंतीला टेकून उभ्या. अगदी शेवटी तिसरीतल्या एका मुलाचा डबा होता: ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कांद्याची फोड आणि एक पेरू. मी त्याला सर्वांत जास्त गुण दिले. पण निम्मे गुण सजावटीला ठेवलेले होते, त्यामुळे बेरीज झाली तेव्हा तो शेवटून पहिला आला. बक्षिसं वाटताना कुणीतरी त्याला सगळ्यांसमोर म्हणालं, "अरे, स्पर्धेला तरी काहीतरी वेगळं आणायचं."

पुढचं त्याच्या वर्गशिक्षिकेकडून कळलं. तो डब्याचं झाकण उभं धरून त्याआड जेवू लागला. मग भाकरी नको म्हणू लागला, मग डबाच नको. महिन्याभरात त्याच्या दप्तरात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा येऊ लागला. त्याची आई शेतमजुरीला जाते. ती एक दिवस कामावर जायच्या आधी शाळेत आली आणि तिने विचारलं, "बाई, आमच्या डब्यात काय चुकलं?"

काहीही चुकलं नव्हतं. धान्याच्या प्रथिनांत जे कमी असतं ते कडधान्य भरून काढतं, म्हणून भाकरी आणि उसळ ही जोडी पिढ्यान्पिढ्या टिकली आहे. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. मटकीतलं लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्वाची मदत होते आणि ते पेरूत भरपूर असतं. त्या माउलीने रोजच्या सवयीने जे भरलं होतं, ते शिकवण्यासाठीच तर ही सगळी धडपड असते. आणि आपण तिच्या मुलाला त्याच डब्याची लाज वाटायला लावली.

माझ्या वर्गात डब्याला गुण नाहीत, बक्षीस नाही आणि 'कुणी काय आणलं बघू' अशी फेरीही नाही. मधल्या सुट्टीत मी मुलांबरोबर खाली बसते आणि माझा डबा उघडते. त्यात कधी शेपू असतो, कधी दोडका, कधी कालची भाकरी कुस्करून केलेला काला. मी पोटभर जेवते, भाजीवर भाषण देत नाही. कुणी विचारलं, 'बाई, हे काय?' तर नाव सांगते आणि हवा असेल तर एक घास देते. कुणाला शेंगदाणे किंवा दूध चालत नाही, हे पालकांना जूनमध्येच विचारून ठेवलेलं असतं. वर्षाच्या शेवटी शेपू खाणारी मुलं वाढलेली दिसतात. वेळ लागतो. लागू द्यावा.

'भाजी संपव, मग चॉकलेट देते'

असं म्हटलं की मुलाला दोन गोष्टी कळतात: भाजी ही सोसायची गोष्ट आहे आणि खरी चांगली वस्तू चॉकलेट आहे. महिनाभर हा सौदा चालवा, भाजी आणखी नावडती होते. दटावून, नाक दाबून भरवणं याहून वाईट. पोट भरलं की थांबायचं ही जाण मूल जन्मतः घेऊन येतं, बळजबरीने ती बोथट होते.

नवी चव मुलाच्या ओळखीची व्हायला ती आठ-दहा वेळा ताटात यावी लागते, काहींना पंधरा वेळाही. बहुतेक पालक तिसऱ्या वेळेला 'आमच्याकडे भोपळा चालत नाही' असं जाहीर करतात, तेही मुलाच्या देखत. मग तो कशाला खाईल? आवडीच्या वरणभाताशेजारी नव्या भाजीचा एक चमचा वाढा. खाल्ला तर कौतुकाचा सोहळा नको, ठेवला तर राग नको. काय वाढायचं आणि कधी, हे आपण ठरवायचं. किती खायचं, ते त्याला ठरवू द्यायचं. भूक नाही म्हणाला तर ताट उचला, पण पुढचं खाणं पुढच्या ठरलेल्या वेळीच. मधल्या वेळेत बिस्किटाचा डबा उघडला की सगळं मुसळ केरात. आजी-आजोबांना हे आधी समजावून सांगा, कारण तो डबा बहुधा त्यांच्या हाताशी असतो आणि नातवाचं उपाशी तोंड त्यांना बघवत नाही.

खेळाच्या तासाला रांगा लावणं

चाळीस मुलं, एक चेंडू आणि एक रांग. नव्या शिक्षकांना हे शिस्तीचं वाटतं. एकदा घड्याळ लावून एकाच मुलावर नजर ठेवा: पूर्ण तासात त्याला चेंडू एक-दोनदा मिळतो, बाकी वेळ तो उभा असतो किंवा पुढच्याला ढकलत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी. अशा रांगेतून त्यातली पाच मिनिटंही निघत नाहीत.

बाद करणारे खेळ हा याच चुकीचा दुसरा भाग. संगीत खुर्चीत सगळ्यांत आधी कोण बाहेर जातं? जे हळू आहे, स्थूल आहे, बुजरं आहे ते. म्हणजे ज्याला पळण्याची सगळ्यांत जास्त गरज, तेच तासभर कडेला मातीत रेघोट्या ओढत बसतं. चौथीपर्यंत त्याला पक्कं ठाऊक होतं की मैदान आपलं नाही. पुढे मोठेपणी त्याने व्यायाम करावा अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची?

यासाठी साहित्य लागत नाही. विषामृत घ्या: राज्य असलेल्याने शिवलं की मूल जागीच थिजतं, पण सोबत्याने हात लावला की पुन्हा पळतं. कुणी कायमचं बाहेर नाही आणि सोडवायला धावणाराही पळतोच. साखळीत शिवलेला मुलगा हात धरून खेळातच राहतो. लगोरी खेळायची तर सहा-सहांचे गट करा, फुटक्या कौलांचे तुकडे आणि चिंध्यांचा चेंडू प्रत्येक गटाला वेगळा द्या. लंगडीत बाद झालेल्यांना कडेला उभं न करता बाजूच्या दुसऱ्या चौकोनात खेळवा. जुलैत मैदानात चिखल असतो तेव्हा व्हरांड्यात दोरीउड्या, सूर्यनमस्कार, झिम्मा, फुगडी. मुलगेही फुगडी मनापासून घालतात, फक्त कुणी हसायचं नाही हे आधी सांगावं लागतं.

उठाबशा आणि मैदानाच्या फेऱ्या शिक्षा म्हणून देणारे आजही भेटतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, एवढं कारण पुरेसं आहे. शिवाय धावणं म्हणजे अपमान, ही गाठ मुलाच्या मनात एकदा बसली की सोडवणं फार कठीण जातं. गृहपाठ राहिला म्हणून खेळाचा तास काढून घेणारेही मुलाचं तेवढंच नुकसान करतात.

सकाळचा चहा

चहा-पोळी किंवा चहा-बिस्किट खाऊन शाळेत येणारी मुलं गावात जितकी, तितकीच शहरात. चहातले टॅनिन अन्नातलं लोह बांधून ठेवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातली ६ महिने ते ५ वर्षं वयाची ६८.९ टक्के बालकं रक्तक्षयी आढळली होती. म्हणजे पहिलीच्या वर्गात पाऊल टाकण्याआधीच मुलाचं रक्त कमी असण्याची शक्यता मोठी, त्यात वर हा चहा. तो बंद करा. सकाळी नाचणीची आंबील, दूध, किंवा रात्रीच्या भाकरीचा दूध-गूळ घालून काला, काहीही चालेल. आणि उसळीवर, वरणावर लिंबू पिळायला विसरू नका.

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी

यांत बराचसा भाग साखरेचा असतो, डब्यामागचं लेबल वाचा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. फळाच्या रसाचंही तसंच: फळ चावून खाऊ द्या.

शाळेतल्या खिचडीला नावं ठेवणं

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे आणि त्यातून ४५० किलोकॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा आहे. शिक्षकाने आधी चव घेऊन बघायची असा नियमही आहे. नुसती चव घेऊन थांबू नका, पंगतीत बसून जेवा. भाजी कमी पडली तर तिथेच दिसते आणि लगेच बोलता येतं. मुलांसमोर खिचडीला नाक मुरडणारे शिक्षक तिची सगळी किंमत घालवतात. शिवाय काही मुलांचं दिवसातलं सर्वांत भरीव जेवण तेच असतं.

'जाड्या', 'काडी' ही नावं ठेवू नका, लाडानेसुद्धा नाही. वजन वर्गासमोर करू नका. मोठ्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) तक्ता मुलांना लावू नका, त्यांचा वय आणि लिंगानुसार वेगळा असतो.

जेवताना मोबाइल नको, आईबाबांच्या हातातही नको.

फाटकासमोरच्या दुकानदाराशी भांडू नका. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत आहे. ते त्याला शांतपणे सांगा आणि सोबत पर्यायही सांगा: फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, हंगामात बोरं आणि पेरूच्या फोडी. खपतं ते तो ठेवतो. पालकसभेत ठरवून दोन महिने हेच मागा.

सगळं करूनही मूल खात नसेल तर

आधी साध्या गोष्टी बघा. दात किडलेत का, चावताना दुखतं का? बद्धकोष्ठ आहे का? शाळेत स्वच्छतागृह अस्वच्छ म्हणून ते पाणीच पीत नाही, असंही होतं, विशेषतः मुलींच्या बाबतीत. रात्री अकराला झोपून सहाला उठणाऱ्याला सकाळी भूक लागत नाही. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला गैरहजर होता का? राहिलेल्या मुलांसाठी नंतर पुन्हा दिवस ठेवलेला असतो, तेव्हा गोळी मागून घ्या.

वजन घटतंय, पळताना लगेच धाप लागते, तळवे पांढरट दिसतात, सारखी माती किंवा खडू खावासा वाटतो, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि पथकाने पुढे पाठवण्याची चिठ्ठी दिली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका.