मे महिन्यातली दुपार आणि दोन पोट्टे: सांभाळायचे कसे

मागच्या उन्हाळ्यात हिंगणघाटच्या बाजारातून दोन पिचकाऱ्या आणल्या. दोन्ही निळ्या, दोन्ही एकाच खोक्यातल्या. भांडण नको म्हणून मुद्दाम सारख्या घेतल्या. घरी येऊन फटफटी स्टँडवर लावेपर्यंत लहाना रडून राहिला होता. दादाच्या पिचकारीचं पाणी जास्त लांब जाते, असं त्याचं म्हणणं. अदलाबदल करून दिली तर मोठ्यानं भोकाड पसरलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही मोडल्या आणि पहिली कोणी मोडली यावर पुढचे आठ दिवस कोर्ट चाललं.

तेव्हापासून दोघांना सारखी वस्तू आणणं मी सोडून दिलं. खाली जे काही लिहिलं आहे, त्यातलं अर्धं त्या पिचकाऱ्यांनी शिकवलेलं आहे.

आमची परिस्थिती सांगतो, म्हणजे तुमच्या घरी काय लागू पडेल ते तुम्हाला ठरवता येईल. मोठा आठ वर्षांचा, लहाना पाचचा. यांची आई गावची आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम करणारी आशा स्वयंसेविका आहे. सकाळी आठलाच गृहभेटींना निघते, आरोग्य केंद्रात बैठक असली की दुपारचे तीन वाजतात. मी कास्तकार. मे महिन्यात पऱ्हाट्या उपटून झालेल्या, वखरण झालेलं, पाऊस पडेपर्यंत दुपारचं काम नाही. माझ्या आईचे गुडघे धरले आहेत, तिला पोरांमागे धावणं होत नाही. म्हणजे दुपार माझी. बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात, आपल्या विदर्भात उन्हापायी जूनच्या शेवटी. तोपर्यंत पारा ४५ च्या वर आणि दोन पोट्टे घरात.

सकाळी त्यांना दमवा. साडेपाचला उठवायचं. पहिले चार दिवस शिव्या खाव्या लागतात, पाचव्या दिवशी ते तुम्हाला उठवतात. मी दोघांना वावरात नेतो. मोठ्याकडे धसकटं वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग करायचं काम, लहान्याकडे बैलांच्या टाक्यात पाणी आहे का ते पाहायचं. दोघांना धसकटं वेचायला लावलं की कोणाचा ढीग मोठा यावरून सुरू होते. लहान्याच्या टाक्यात मोठ्यानं डोकावलेलंही लहान्याला चालत नाही. नऊ वाजता परत फिरायचं म्हणजे फिरायचं, काम अर्धं राहिलं तरी.

डोक्याला सुती दुपट्टा. नुसती टोपी चालत नाही, कारण झळ कानातून लागते असं आपल्याकडे म्हणतात आणि मानेवरचं ऊन टोपीनं अडत नाही हे तर दिसतेच. दुपट्टा कपाळावरून घ्या, दोन्ही कान झाकून मागे आणा, गाठ मानेवर नको, बाजूला मारा; मागे मारली तर पोरगं ती पाच मिनिटांत सोडते. आई दोघांच्या खिशात एकेक कांदा टाकते. खिशातल्या कांद्यानं ऊन कसं थांबेल हे मला अजून समजलं नाही, पण लहाना उन्हात निघाला की हात खिशात जातो आणि त्याला आजी आठवते, एवढं काम तो कांदा करते.

आता कूलर. इथे जरा थांबून वाचा.

आमचा लोखंडी, खिडकीला लावलेला, तीन बाजूंनी गवताच्या ताट्या. पोरांचा जीव त्याच्यावर. पंख्यासमोर तोंड नेऊन ‘आऽऽऽ’ केलं की आवाजाचे तुकडे पडतात. या एका खेळात त्यांचा अर्धा तास जाते. दोन वर्षांपूर्वी लहाना मला म्हणाला, “बाबा, कूलर मले चावते.” मी हसलो. कूलर कुठं चावते का बे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी टेस्टर आणून पत्र्याला लावला तर लाल दिवा लागला. आतल्या टुल्लू पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती आणि पिन होती दोन पायांची, अर्थिंगच नव्हतं. पोरगं कोरड्या पायानं, चप्पल घालून हात लावत होतं म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर भागलं. ओल्या फरशीवर अनवाणी असतं तर काय झालं असतं, हे मी लिहीत नाही. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकच्या बातम्या येतात, त्या तुम्हीही वाचता.

तेव्हा एवढं कराच. कूलर लावायच्या आधी पंपाची आणि मोटरची वायर पूर्ण हातानं तपासा, कुठे जोड असेल तर वायर बदला. पिन तीन पायांची आणि सॉकेटमध्ये अर्थिंग खरंच येते का, ते वायरमनकडून पाहून घ्या; कित्येक घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असते. जमलं तर बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या, करंट गळला की ते क्षणात लाइन तोडते. पाणी भरताना बटन बंद करून भागत नाही, पिन काढून हातात घ्यायची. आमच्या घरी पाणी भरणं माझं काम. पिन काढलेली आहे का हे पाहून “निघाली!” असं ओरडणं मोठ्याचं. आणि तो ओरडेपर्यंत दारात उभं राहून मला अडवणं लहान्याचं. मी मुद्दाम कधी कधी तसंच पुढे जायला पाहतो. तो पायाला मिठी मारते.

आठवड्यातून एक दिवस कूलर पूर्ण रिकामा करून, आतून घासून, वाळवायचा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत त्याचा नवा डास होते, म्हणून आठवडा चुकवायचा नाही. आशाताईच्या घरच्या कूलरमध्ये अळ्या निघाल्या तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, ही आमच्यावर जादाची धास्ती.

पाण्याचं सोपं आहे आणि अवघडही. पोरं तहान लागली तरी खेळ सोडत नाहीत. मी सपरीतल्या (पडवीतल्या) रांजणाजवळ दोन गडवे ठेवले आहेत, एक तांब्याचा, एक स्टीलचा. ज्याचा त्याचा ठरलेला. दर तासाला घोट-दोन घोट. आणि आमच्या हिनं शिकवलेली खूण म्हणजे शूचा रंग. पांढरट असली तर ठीक, हळदीसारखी पिवळी झाली तर पाणी कमी पडून राहिलं. आता दोघंही मोरीवरून ओरडून रंग सांगतात. पाहुणे आले असले तरी सांगतात.

पन्हं, ताक, कांदा घालून केलेली कैरी, हे तुमच्या घरी आहेच. जुलाब-उलटी झाली तर मात्र पन्ह्यावर राहू नका, ओआरएस द्या. पाकीट आशाताईकडे किंवा उपकेंद्रात फुकट मिळते. ते पूर्ण पाकीट एक लीटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात, असला अंदाजपंचे कारभार नको. पाकीट नसेल तर उकळून थंड केलेल्या एक लीटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून पाहा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून पुन्हा करा.

नवतप्यात, म्हणजे २५ मे नंतरच्या नऊ दिवसांत, लहाना एकदा माझा डोळा चुकवून बारा वाजता चिंचेजवळच्या आंब्याकडे गेला. वादळानं कैऱ्या पडल्या होत्या. परत आला तेव्हा चेहरा तांब्यासारखा, एक उलटी झाली आणि सपरीतच गळून बसला. मी कपडे काढले, पंख्याखाली झोपवलं, मानेवर, काखेत, जांघेत ओले फडके ठेवले, अंगावर पाणी शिंपडत राहिलो आणि चमच्या-चमच्यानं ओआरएस पाजलं. अर्ध्या तासात तो कैऱ्या कुठे गेल्या म्हणून विचारायला लागला. तो बोलत होता, ओळखत होता, म्हणून घरी निभलं. पोरगं बरळायला लागलं, झोपेत गेल्यासारखं झालं, झटका आला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात धरायचा. लगेच १०८ ला फोन आणि गाडी येईपर्यंत ओलं करणं चालूच. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. आणि तापाची गोळी देऊन वाट पाहत बसायचं नाही, उन्हाच्या त्या तापावर ती चालत नाही.

जेवून झाल्यावर एक ते चार, ही खरी परीक्षा. लाइन गेली तर अजूनच. मोबाइल मी अर्धा तास देतो, तोही चार्जिंग संपत आलेला. त्यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

आमच्याकडे बंगई (झोपाळा) एकच आहे, सागवानी, आबाजींच्या वेळची. तिच्यावरून रोज मारामारी. मी घड्याळ लावून पाहिलं, जमलं नाही; पाच वर्षांच्या पोराला दहा मिनिटं आणि दोन मिनिटं सारखीच. मग नियम केला, एका पाळीचे पन्नास झोके, आणि मोजायचे खाली उभा आहे त्यानं. पहिल्या दिवशी मोठा बावीसवरून एकदम तीसवर गेला. लहान्याला पत्ता नाही. दोन-तीन दिवसांनी त्याला काहीतरी काळं दिसलं. तो आजीजवळ जाऊन बसला, तिच्याकडून वीसच्या पुढचं पाठ करून घेतलं आणि बंगईवर बसून, दादा तोंडानं मोजत असताना, स्वतः बोटांनी मोजायला लागला. अंगणवाडीत वर्षभरात जे झालं नाही ते दहा दिवसांत झालं. आता तोच मोजताना एकोणतीसनंतर चाळीस म्हणते आणि दादाकडे बघत नाही.

दुसरं, त्यांना घरच्या वाळवणात घ्या. आईच्या कुरडया असतात तेव्हा मोठा सकाळी सोऱ्या दाबते, लहाना काठी घेऊन कावळे हाकलते. दोघांचा मोबदला चीक. गंजातून काढलेला गरम चीक एकाला दूध-साखर घालून, दुसऱ्याला तेल-मीठ घालून. एकाच चवीचा दोन वाट्यांत दिला असता तर वाट्या मापाव्या लागल्या असत्या. सरगुंडे दुपारी सावलीत बसून करता येतात. भिजवलेल्या कणकेची बारीक दोरी वळायची, ती काडीवर गुंडाळायची, हलकेच ओढून काढायची आणि वाळत टाकायची. लहान्याचे मोठ्या अळीएवढे जाड होतात, शिजत नाहीत. तरी ते वेगळे शिजवून, आमरसात बुडवून, मी सगळ्यांसमोर खातो.

तिसरं काम तान्ह्या पोळ्याचं. पोळा श्रावण अमावास्येला, तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी, म्हणजे मे महिन्यात त्याला तीन-चार महिने आहेत. लाकडी नंदी घरात एक, पोट्टे दोन. वाढई म्हणाला, दुसरा बनवून देतो. मी नको म्हटलं. त्या एकाच नंदीचा मागच्या साली मोडलेला पाय मोठ्यानं फेविकॉल आणि सुतळीनं बसवला. चाकं, दोरी, चालवणं त्याच्याकडे. झूल, शिंगांचं बेगड, रंग लहान्याकडे. त्यानं बैल जांभळा रंगवला. मोठ्याला लाज वाटली, पण त्या खात्यात त्याला बोलायचा अधिकार नाही. जांभळा बैल घरोघरी फिरला तर त्या वर्षी बोजाराही (घरोघरी पोरांना मिळणारे पैसे) जास्त मिळाला, ते पैसे मात्र आईनं मोजून अर्धे-अर्धे केले. पैसे सारखेच करावे लागतात, तिथे माझी युक्ती चालत नाही.

भांडण झालंच तर कोणी सुरू केलं हे विचारू नका. माझा आणि माझ्या मोठ्या भावाचा धुऱ्यावरून सहा वर्षं अबोला आहे. दोघांनाही नेमकं माहीत आहे की सुरुवात समोरच्यानं केली. तलाठ्याचा नकाशा काढून पाहिला, मोजणी केली, काही फरक पडला नाही. पोरांच्या भांडणात मी फक्त एवढं करतो की एकाला सपरीत आणि एकाला आतल्या खोलीत बसवतो, दार उघडं ठेवून. दहा मिनिटांत एकजण काहीतरी निमित्त काढून दुसऱ्याकडे जाते. निमित्त काय काढलं ते ऐकण्यासारखं असते. परवा लहाना म्हणाला, “दादा, तुह्या चड्डीले मुंगळा हाय का पाहू?”

पाचनंतर सोडून द्या त्यांना. अंगणात सडा मारायचं काम दोघांचं मिळून, भिजले तर भिजले.

रात्री गच्चीवर किंवा अंगणात झोपत असाल तर खाटेवरच झोपवा. जमिनीवर अंथरूण नको, मण्यार रात्रीच फिरते आणि खाली झोपलेल्याच्याच अंथरुणात शिरते. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा, उशाशी बॅटरी ठेवा, सकाळी चप्पल झटकून घाला, विंचू तिथेच बसलेला असते. खाटा दोन लावा, पण मध्ये वीतभरच जागा सोडा. जास्त सोडली तर लहाना दादाच्या खाटेवर जाते, आणि कमी सोडली तर लाथा मारतात.

दिवसभर पाणी पाजलेलं असते, म्हणून एक-दीड वाजता लहान्याला उठवून मोरीवर न्या. मोठा म्हणेल मला उठवू नका, मी आता मोठा झालो. म्हणू द्या, आणि सकाळी त्याचीही गादी हळूच चाचपून पाहा.