‘कमीत कमी’ म्हटले की चिन्ह मोठ्याचे: गावातली शाब्दिक उदाहरणे रेषीय असमानतेने सोडवण्याची रीत

सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, होऊन पहिल्या वेच्याचा कापूस घरात येऊन पडला की यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात घरोघरी एक प्रश्न निघतो: कापूस दारात आलेल्या व्यापाऱ्याला द्यावा, की गाडी करून बाजारात न्यावा? बाजारात भाव चढा मिळतो, परंतु गाडीचे भाडे आधी मोजावे लागते. ‘किती कापूस असेल तर नेणे परवडेल?’ या प्रश्नाचे उत्तर एक नेमका आकडा नसतो. अमुक क्विंटलांच्या वर परवडते आणि त्याखाली परवडत नाही, असे ते सीमा आखून देणारे उत्तर असते. समीकरण बरोबरी सांगते, असमानता सीमा सांगते, आणि शेतीचे, मजुरीचे, चाऱ्यापाण्याचे बहुतेक प्रश्न सीमेचेच असतात. अकरावीच्या वर्गाला हा भाग शिकवताना माझ्या लक्षात आले आहे की मुलांना बेरीज-वजाबाकी अडवत नाही, वाक्य अडवते. म्हणून येथे आकडेमोडीपेक्षा मांडणीवर अधिक वेळ दिला आहे.

आधी शब्द, मग चिन्ह

सर्वाधिक चुका ‘कमीत कमी’ या शब्दांमुळे होतात. त्यात ‘कमी’ दोनदा ऐकू येते, म्हणून विद्यार्थी न थांबता < हे चिन्ह लिहून मोकळा होतो. ‘कमीत कमी १३ मजूर लागतील’ याचा अर्थ मात्र १३ चालतील, १४ चालतील, १२ चालणार नाहीत, असा आहे. म्हणजे मजुरांची संख्या क्ष मानली, तर क्ष ≥ १३. त्याचप्रमाणे ‘जास्तीत जास्त १५ क्विंटल मावतो’ हे वाक्य क्ष ≤ १५ असे लिहावे लागते. शब्दाच्या आवाजावरून चिन्ह कधीही ठरवू नये.

चिन्ह ठरवण्यासाठी मी वर्गात एकच चाचणी घ्यायला सांगतो, आणि ती कोणत्याही वाक्याला लावता येते. वाक्यातील सीमेचा आकडा घ्यावा, त्याहून एक मोठा आणि एक लहान आकडा घ्यावा, आणि तिन्ही आकड्यांबद्दल ‘हा चालेल का?’ असे विचारावे. मोठा चालत असेल तर चिन्ह मोठ्याचे, लहान चालत असेल तर लहानाचे. आणि सीमेचा आकडा स्वतः चालत असेल तर चिन्हाखाली बरोबरीची रेघ द्यावी. ही रेघ शोभेची नाही. < आणि > ही चिन्हे इंग्रज गणिती थॉमस हॅरियट यांच्या, मृत्यूनंतर दहा वर्षांनी म्हणजे १६३१ मध्ये छापल्या गेलेल्या लेखनातून प्रचारात आली. त्यांना बरोबरीची जोड फ्रेंच गणिती पिएर बूगे यांनी १७३४ मध्ये दिली. जी जोड मिळायला शतक लागले, ती विद्यार्थ्याकडून घाईत सुटावी यात नवल नाही, पण तिच्यामुळे उत्तर बदलते.

‘किमान’, ‘निदान’, ‘पेक्षा कमी नको’ या सर्वांना ≥ लागते. ‘कमाल’, ‘पर्यंत’, ‘च्या वर जाऊ नये’, ‘एवढ्यात भागले पाहिजे’ यांना ≤ लागते. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘हून अधिक’ यांत बरोबरी येत नाही, तेथे नुसते >. दोन नकार एकत्र आले तर विशेष जपावे. जून महिन्यात कृषी विभागाकडून सूचना येते की किमान ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. ‘झाल्याशिवाय’ आणि ‘करू नये’ हे दोन्ही नकार मिळून एक होकारार्थी अट होते: साचत आलेला पाऊस क्ष मिलिमीटर मानला, तर पेरणीसाठी निदान क्ष ≥ ७५ हवे.

कापूस न्यावा की द्यावा

आता सुरुवातीचा प्रश्न पूर्ण मांडू. यातील भाव उदाहरणासाठी धरलेले आहेत. दारातील व्यापारी क्विंटलला ६,९०० रुपये देतो. बाजारात ७,२५० रुपये मिळतात, पण हमाली व तोलाई मिळून क्विंटलमागे ५० रुपये जातात, आणि गाडीचे भाडे, माल कितीही असो, २,४०० रुपये आहे. किती कापूस असल्यास बाजारात नेणे फायद्याचे ठरेल?

पहिली पायरी म्हणजे क्ष कशासाठी मानला ते पूर्ण वाक्यात आणि एककासह लिहिणे: ‘कापूस क्ष क्विंटल आहे असे मानू.’ नुसते ‘कापूस = क्ष’ लिहिणारा विद्यार्थी पुढे एका बाजूला किलो आणि दुसऱ्या बाजूला क्विंटल धरतो, आणि उत्तर शंभर पटीने चुकते. एकरांत व गुंठ्यांत, रुपयांत व हजारांतही हेच घडते.

दुसऱ्या पायरीत दोन्ही पर्यायांची रक्कम वेगवेगळी लिहावी. दारात विकल्यास ६९०० क्ष. बाजारात विकल्यास क्विंटलमागे ७,२५० − ५० = ७,२०० रुपये हाती येतात आणि एकूण रकमेतून भाडे एकदाच वजा होते, म्हणून ७२०० क्ष − २४००. येथे भाडे क्ष ने गुणण्याची चूक पुष्कळ जण करतात. जो खर्च मालाबरोबर वाढतो तोच क्ष बरोबर लिहावा. जो वाढत नाही तो सुटा ठेवावा.

‘फायद्याचे’ म्हणजे बाजाराची रक्कम दारातल्या रकमेपेक्षा जास्त हवी. बरोबरीत सुटले तर एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही. म्हणून चिन्ह नुसते >.

७२०० क्ष − २४०० > ६९०० क्ष
३०० क्ष > २४००
क्ष > ८

आठ क्विंटलांपेक्षा जास्त कापूस असेल तर नेणे फायद्याचे. पण उत्तर येथे संपत नाही, कारण वाक्यात न सांगितलेली एक अट गाडीच्या आकारात दडलेली आहे. कापूस हलका आणि फुगीर माल आहे. गाडीत १५ क्विंटलच मावत असेल तर एका खेपेसाठीचे खरे उत्तर ८ < क्ष ≤ १५ असे लिहावे लागेल. १६ क्विंटल असतील तर भाडे दोनदा लागते आणि संपूर्ण मांडणी पुन्हा करावी लागते: ३०० क्ष > ४८००, म्हणजे क्ष > १६. नेमक्या १६ क्विंटलांना दोन खेपा केल्या तर काहीच उरत नाही. पंधरा नेऊन एक क्विंटल दारात विकणे तेव्हा शहाणपणाचे ठरते.

अपूर्णांक आला तर कोणत्या बाजूला जावे

पाऊस येण्याची चिन्हे दिसत आहेत, वावरात अंदाजे १,३०० किलो कापूस फुटलेला आहे आणि तो तीन दिवसांत वेचून व्हायला हवा. एक बाई दिवसाला सरासरी ३५ किलो वेचते असे धरू. क्ष बायका लावल्या तर तीन दिवसांत १०५ क्ष किलो वेचून होईल, म्हणून १०५ क्ष ≥ १३०० आणि क्ष ≥ १२.३८… . बारा बायकांनी १,२६० किलोच होतो आणि ४० किलो पावसात सापडतो, म्हणून १३. अर्ध्याहून कमी अपूर्णांक सोडून द्यावा ही शाळेत शिकलेली सवय येथे नुकसान करते.

याउलट उदाहरण घेऊ. घरात १,२०० किलो कुटार (भुसा) आहे, बैलजोडी व गाय मिळून दिवसाला १८ किलो खातात, आणि वखरणीच्या दिवसांसाठी कमीत कमी २०० किलो राखून ठेवायचे आहे. हे किती दिवस चालेल?

१२०० − १८ क्ष ≥ २००
−१८ क्ष ≥ −१०००

येथे दोन्ही बाजूंना −१८ ने भागायचे आहे, आणि ऋण संख्येने भागले किंवा गुणले की चिन्ह उलटते: क्ष ≤ ५५.५५… . चिन्ह का उलटते हे पाठ करण्यापेक्षा समजून घेतलेले बरे. ३ पेक्षा ५ मोठे. पण तीन हजारांचे देणे असलेला माणूस पाच हजारांचे देणे असलेल्यापेक्षा बऱ्या स्थितीत असतो, म्हणजे −३ हे −५ पेक्षा मोठे. हे ज्याला अवघड वाटते त्याने १८ क्ष उजवीकडे नेऊन १००० ≥ १८ क्ष असे लिहावे. ऋण संख्या उरतच नाही आणि उत्तर तेच येते.

५५.५५ च्या जवळची पूर्ण संख्या ५६ असली तरी उत्तर ५५ दिवस. छप्पन्नाव्या दिवशी १,००८ किलो खाऊन होते आणि शिल्लक १९२ वर येते. मजुरांच्या उदाहरणात वर गेलो, येथे खाली आलो. दिशा अपूर्णांक ठरवत नाही, अट ठरवते. दोन्ही शेजारच्या पूर्ण संख्या मूळ अटीत ठेवून पाहाव्यात, म्हणजे शंका राहत नाही.

मात्र प्रत्येक उत्तराला पूर्ण संख्या करायचे नसते. कापसाच्या ओलाव्याचे उदाहरण पाहा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, खरेदीत तो ८ टक्के ओलाव्याला पूर्ण मिळतो, त्यावरील प्रत्येक टक्क्याला भावाचा एक टक्का, म्हणजे ७५.२१ रुपये, कापले जातात, आणि १२ टक्क्यांपेक्षा ओला कापूस घेतला जात नाही. समजा खासगी व्यापारी ओलावा न मोजता ७,३०० रुपये देतो. कोणत्या ओलाव्यापर्यंत सीसीआयला देणे निदान तोट्याचे होणार नाही? ओलावा क्ष टक्के मानून:

७५२१ − ७५.२१ (क्ष − ८) ≥ ७३००
७५.२१ (क्ष − ८) ≤ २२१
क्ष ≤ १०.९३ (सुमारे)

या मांडणीला ८ ≤ क्ष ≤ १२ ही चौकट आहे, कारण कपातीचा नियम त्याच पट्ट्यात लागू होतो. ओलावामापकावर १०.९ दिसले तर सीसीआय, ११ दिसले तर व्यापारी. आणि कापूस आणखी दोन दिवस उन्हात वाळवता आला, तर क्ष खाली येऊन तोच शेतकरी सीमेच्या पलीकडून अलीकडे येतो. मला स्वतःला हे उदाहरण सर्वांत आवडते, कारण त्यातला क्ष शेतकऱ्याच्या थोडाफार हातात आहे.

दोन पिके, दोन चले

पेरणीच्या वेळचा हिशेब एका चलात, म्हणजे एकट्या क्ष मध्ये, मावत नाही. आठ एकर वावर आहे. सोयाबीनला एकरी १६,००० रुपये आणि पराटीला, म्हणजे कपाशीला, एकरी २४,००० रुपये खर्च धरला आहे. जवळ १,६०,००० रुपये आहेत. सोयाबीन क्ष एकर आणि कपाशी य एकर मानू. जमीन पुरली पाहिजे आणि पैसाही पुरला पाहिजे, म्हणून दोन अटी होतात. खर्च हजारांत लिहून दुसरी अट ८ ने भागली की ती आटोपशीर होते:

क्ष + य ≤ ८
१६ क्ष + २४ य ≤ १६०, म्हणजे २ क्ष + ३ य ≤ २०

क्ष ≥ ० आणि य ≥ ० हेही लिहावे. उणे दोन एकर पेरता येत नाही हे सर्वांना ठाऊक असते, पण आलेखाला ते सांगावे लागते.

आलेखात आडव्या अक्षावर सोयाबीन आणि उभ्या अक्षावर कपाशी घ्यावी. पहिल्या अटीची रेषा (८, ०) आणि (०, ८) यांतून जाते; दुसरीची (१०, ०) आणि (१, ६) यांतून. दोन्हींत बरोबरी चालते, म्हणून रेषा अखंड काढाव्यात. बरोबरी चालत नसती तर तुटक काढल्या असत्या. कोणती बाजू रेखांकित करायची हे पाहण्यासाठी उगमबिंदू, म्हणजे (०, ०), घालून पाहावा: ० ≤ ८ खरे आहे, ० ≤ २० खरे आहे, म्हणून दोन्ही वेळा उगमबिंदूकडील बाजू. रेषाच उगमबिंदूतून जात असेल, जसे ‘सोयाबीन पराटीपेक्षा कमी नको’ या अटीत क्ष = य ची रेषा जाते, तर ही चाचणी काही सांगत नाही; तेथे (१, ०) सारखा दुसरा बिंदू घ्यावा.

दोन्ही रेषा (४, ४) मध्ये छेदतात. अटी पाळणारा प्रदेश (०, ०), (८, ०), (४, ४) आणि (०, ६.६७) या चार कोपऱ्यांच्या आत येतो, आणि त्यातील प्रत्येक बिंदू ही पेरणीची एक शक्य योजना आहे. पाच एकर सोयाबीन व तीन एकर पराटी केली तर खर्च १,५२,००० होतो आणि ८,००० रुपये हाती उरतात. चार-चार केले तर जमीन व पैसा दोन्ही बरोबर संपतात. तीन एकर सोयाबीन व पाच एकर पराटी हा बिंदू जमिनीच्या अटीत बसतो, पण पैशाच्या रेषेबाहेर पडतो: ४८ आणि १२० मिळून १६८ हजार, म्हणजे ८,००० रुपयांची तूट.

तरीही पाच एकर पराटी लावायचीच असेल, तर य = ५ ठेवून उरलेली एका चलाची असमानता सोडवावी: २ क्ष + १५ ≤ २०, म्हणून क्ष ≤ २.५. सोयाबीन अडीच एकरांवर थांबते आणि अर्धा एकर पडीक राहतो. मघाशी कमी पडलेले आठ हजार रुपये म्हणजे नेमका याच अर्ध्या एकराच्या सोयाबीनचा खर्च होय.