वादळात बोट-जाळी गेली तर भरपाईच्या यादीत नाव कसं लावायचं (बोट नसलेल्यांनी पण वाचा)

वादळ झालं की ग्रुपवर पहिला प्रश्न, किती मिळणार. तर आपत्ती निधीच्या 2022-26 च्या निकषात बोट पूर्ण गेली की 15000, थोडी मोडली की 6000, जाळं पूर्ण गेलं की 4000 आणि फाटलं की 3000. 15000 मध्ये बोटीचं काय येतं ते नाखवाला (बोटीच्या मालकाला) विचारा, पण आकडा हाच. कधीकधी राज्य सरकार जीआर काढून वाढवून देतं. त्याच नुकसानीचे दुसऱ्या योजनेतून घेतले असतील तर यातून मिळत नाहीत.

पंचनामा होईपर्यंत जाळं शिवू नका!! 2021 च्या तौक्ते वादळात आम्ही हीच चूक केली, पावसाळी मासेमारी बंदीला पंधरा दिवस उरलेले, धंदा बुडेल म्हणून दुसऱ्याच दिवशी सुई घेऊन बसलो आणि साहेब आठवड्याने आले, जाळं बघून म्हणाले हे तर चांगलंय. शिवायचंच असेल तर आधी बोटीचा नंबर दिसेल असे फोटो काढा आणि फाटका तुकडा कापून ठेवा.

बोटीची नोंदणी आणि मासेमारीचं लायसन आत्ताच काढून बघा. निम्म्या घरांत बोट अजून वारलेल्या बाबांच्याच नावावर असते आणि मग पैसे अडकतात, म्हणून वारसाची नोंद शांत दिवसांत करून टाका.

आता खरी गोची. मासेमारीच्या निकषात पैसे बोटीला आणि जाळ्याला मिळतात, बुडालेल्या रोजाला नाही. खलाशाचा, टोपलीवाल्या मावशीचा, ओहोटीला कालवं फोडणाऱ्या बाईचा रोज बुडाला तो कुठल्या रकान्यात लिहायचा? बोटीवरच मोजायचं असं काही देवाने सांगितलेलं नाही, जेएनपीटी बंदराच्या (उरणजवळचं) भरावाच्या केसमध्ये हरित लवादाने 2015 ला 1630 कुटुंबांना 95.19 कोटी द्यायला सांगितले, तिथे हिशोब कुटुंबावर होता. पण अशा वेळी आपण मासेमारीवर जगतो हे कागदावर दाखवावं लागतं. म्हणून बायकांनी मच्छीमार सोसायटीत स्वतःच्या नावाने सभासद व्हा, बाजाराची पावती रोजची जपून ठेवा. खलाशांनी केंद्राच्या पीएम मत्स्यसंपदा योजनेच्या अपघात विम्यात नाव घाला, बोट लागत नाही, वय 18 ते 70, अपघातात मृत्यू झाला तर घरच्यांना 5 लाख आणि हप्ता सरकार भरतं.

यादी लागली की फोटो काढा, नाव नसेल तर हरकत लेखीच द्या आणि झेरॉक्सवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर बाकड्यावर बसून राहा, येतात.