जंक रिगच्या बोटीवर राहताय? मग या चुका टाळा

तारांनी आवळलेल्या डोलकाठीच्या बोटी ज्यांनी वर्षानुवर्षं चालवल्यात तेच जंक रिगवर, म्हणजे चिनी जहाजांसारख्या शिडाच्या बोटीवर, आले की जास्त चुका करतात, हे मी खूपदा बघितलंय आणि सुरुवातीला आम्ही दोघांनीही तेच केलं. हाताला सवय असते ना, काही बिनसलं की दोरी ताणायची. इथं डोलकाठीला एकही तार नसते, ती डेकमधून खाली उतरून थेट बोटीच्या तळाशी बसलेली असते, वाऱ्यात वाकते आणि वाकायलाच पाहिजे. शीड आडव्या बॅटननी, म्हणजे कडक काठ्यांनी, पट्ट्यापट्ट्यांत विभागलेलं, बहुतेक बॅटनच्या मागच्या टोकाला शीटचा, म्हणजे शीड आत ओढायच्या-बाहेर सोडायच्या दोरीचा, एकेक फाटा, त्यामुळे सगळा ताण वाटला जातो. म्हणजे दुरुस्ती करताना आधी बघायचं की काय घासतंय, काय अडकलंय. ताणायचं नंतर.

सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे शीड वर चढत नाही, जीव जातो ओढून. लगेच मोठा विंच, म्हणजे दोरी ओढायचं चक्र, घ्यायला पळू नका. शीट पूर्ण सोडलीय का बघा, यार्डला, म्हणजे शिडाच्या वरच्या कडेच्या दांड्याला, डोलकाठीजवळ खेचून धरणारी दोरी, म्हणजे यार्ड हॉलिंग पॅरल, ती सोडलीय का बघा, कारण ही एक दोरी विसरली की यार्ड डोलकाठीवर दाबून बसतो आणि तुम्ही वजनाशी नाही, त्या घर्षणाशी भांडत असता. तेही ठीक असेल तर मान वर करून हॅलयार्डच्या, म्हणजे शीड वर ओढायच्या दोरीच्या, पुली बघा. तीनचार पदरी दोरी एकमेकींत पिळली असेल तर कितीही ओढा, उपयोग नाही. मग शीड वर गेलं की तीच पॅरल परत घट्ट करायची, नाहीतर शीड पुढं सरकतं आणि तिरक्या सुरकुत्या पडतात. लोक त्या सुरकुत्या बघून म्हणतात कापड बिघडलं. एखादी पट्टी खाली उतरवली, म्हणजे रीफ केलं, तरी पॅरल परत बघायचीच.

आता जाइबबद्दल, हे जरा नीट वाचा. शिडाचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढं असतो म्हणून मागून वारा असताना शीड या बाजूचं त्या बाजूला जातं, हाच जाइब, तेव्हा साध्या बोटीसारखा दणका बसत नाही, आणि म्हणूनच लोक बेफिकीर होतात. धोका शीटच्या सैल वेटोळ्यांचा असतो. बोटीवर राहायला लागलं की मागच्या बाजूला सामान वाढतच जातं, सोलर पॅनेल, विंडवेन (वाऱ्यावर आपोआप सुकाणू धरणारं यंत्र), रेलिंगला अडकवलेलं आउटबोर्ड इंजिन, आणि नेमक्या तिथूनच हे सगळे फाटे फिरतात. एका रात्री आमच्या शीटचं वेटोळं सोलर पॅनेलच्या कोपऱ्याला अडकलं, खालचे बॅटन तिथंच राहिले आणि वरचे पंख्यासारखे उभे झाले, पॅनेलची नळी करकर वाजत होती आणि मी टॉर्च दातात धरून तो पीळ काढत होते. मोडलं काही नाही, पण दुसऱ्याच दिवशी पॅनेल तिथून काढलं. जाइब करायच्या आधी शीट मध्यापर्यंत ओढून घ्या, वेटोळी उरतच नाहीत. आणि मागं काहीही नवीन बसवायच्या आधी बोट नांगरावर असताना, वारा नसताना, शीड या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं फिरवून बघा की दोरी कुठं कुठं लागतेय.

चुकांची दुसरी जागा म्हणजे केबिन. डोलकाठी घरातल्या खांबासारखी मधोमध उभी असते, मग कुणीतरी तिला दिवा नाहीतर फॅन स्क्रूनं बसवतंच. प्लीज नको! बिनतारेच्या डोलकाठीवर सगळ्यात जास्त ताण डेकच्या लेव्हलला येतो आणि तिथं पाडलेलं भोक म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. दिवा पट्ट्यानं बांधा. रात्री बोट डुलताना ठक ठक आवाज येत असेल तर डोलकाठीच्या कडेला आणि डेकला मिळून अंगठा टेकवा, हालचाल लगेच जाणवते, म्हणजे तिथली पाचर सैल झालीय. आणि बुंध्यापाशी पाणी साचू देऊ नका, ॲल्युमिनियमची डोलकाठी स्टीलला टेकलेली असेल तर खारं पाणी तिला आतून खातं, आणि हे फरशी उचलल्याशिवाय दिसत नाही.

डेकवर धरायला तारा नसतात, हे समुद्रात गेल्यावरच कळतं, हात सवयीनं जातो आणि हाताला काहीच लागत नाही. म्हणून सगळ्या दोऱ्या कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या जागेपर्यंत, आणा आणि पुढं जायची वेळ आलीच तर हार्नेस, म्हणजे बोटीला अडकवायचा अंगावरचा पट्टा. १९६० मध्ये एकट्यानं अटलांटिक पार करायच्या शर्यतीत ब्रिटिश खलाशी ब्लाँडी हॅस्लर जेस्टर या जंक रिगच्या २५ फुटी बोटीतून ४८ दिवसांत दुसरे आले, आणि त्यांनी दोऱ्या मधल्या हॅचपाशीच, म्हणजे डेकमधल्या झाकणाच्या दारापाशीच, आणल्या होत्या, शीड कमीजास्त करायला डेकवर जायचं कामच नाही.

वाऱ्यावर चढताना, म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडे जाताना, बोटीचं नाक वाऱ्याच्या फार जवळ नेऊ नका. सपाट शिवलेलं शीड असेल तर पाचदहा अंश वाऱ्यापासून दूर ठेवा, वेग येतो.

राहिलं कव्हर. हे शीड कुणी रोज काढून आत ठेवत नाही, वर्षभर तिथंच घडी होऊन पडलेलं असतं, ऊन मात्र रोज लागतं. आधी शिवण जाते, मग कापड. आम्ही नांगर टाकला की चहाच्या आधी कव्हर घालतो, आणि महिन्यातून एकदा यार्ड खाली आणून हॅलयार्ड जिथं पुलीवर वळतो तो हातभर भाग बोटांनी चाचपतो, लव उठली असेल तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्यानं बांधतो.